नवा भाग टाकला, पण टीव्हीवर दिसेना! जेलीफिनचं नेहमीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

नात्यातल्या आणि मित्रांच्या मिळून सहा घरांत मी जेलीफिन, म्हणजे आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्राम, बसवून दिलंय. कुठे जुना डेस्कटॉप, कुठे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), एका ठिकाणी नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी). घरातल्या डीव्हीडींवरून उतरवलेल्या मालिका, डीडी फ्री डिशवरून रेकॉर्ड केलेले कार्यक्रम, असा सगळा माल त्यावर असतो. बसवायला प्रत्येकी अर्धा दिवस गेला असेल. त्यानंतर मात्र जे फोन येतात, त्यातले निम्मे तरी एकाच वाक्याने सुरू होतात: "अरे, नवीन भाग टाकला, पण दिसतच नाहीये." सांगलीची आत्या तर हल्ली "कसा आहेस" वगैरे न विचारता थेट हेच म्हणते.

हे इतक्या वेळा निस्तरलंय की आता फोनवरच क्रमाने विचारत जातो. तोच क्रम इथे देतोय. एक खुलासा आधी: सेटिंग आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, तुमच्या पडद्यावर ती इंग्रजीत असतील. फाइलींना नावं देतानाही सीझन-भागाची अक्षरं आणि अंक इंग्रजीच टाइप करा. ते का, ते पुढे येईल.

आधी लक्षण नीट बघा

"दिसत नाही" म्हणजे नक्की काय, हे विचारल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. माझ्याकडे आलेल्या तक्रारी साधारण अशा:

– भाग कुठेच नाही. शोधलं तरी सापडत नाही.
– मालिका उघडली की भाग आत आहे, पण पहिल्या पडद्यावरच्या 'रिसेंटली ॲडेड' रांगेत नाही.
– रांगेत मालिकेचं पोस्टर आलंय, पण नव्या भागाचं चित्र नाही.
– भाग आलाय, पण 'सीझन अननोन'मध्ये किंवा भलत्याच सीझनमध्ये जाऊन बसलाय.
– 'नेक्स्ट अप'मध्ये येत नाही.
– मला दिसतो, आत्याला दिसत नाही.
– नवा भाग राहिला बाजूला, जुनेच दोनशे भाग 'नवे' म्हणून वर आलेत.

यातलं तिसरं दुखणं नव्हेच. जेलीफिन त्या रांगेत एका मालिकेचे भाग एकत्र बांधतं आणि मालिकेचं पोस्टर दाखवतं. नाहीतर एका दिवसात वीस भाग टाकले तर सगळी रांग त्याच मालिकेने भरून जाईल. पोस्टर दाबून आत गेलात की भाग तिथे असतो. हे कळल्यावर दोन घरांचे फोन कायमचे बंद झाले.

बाकीच्यांसाठी प्रश्न तीनच. सर्व्हरला फाइल दिसली का? दिसली असेल तर ती कोणत्या मालिकेचा कितवा भाग आहे हे त्याला कळलं का? आणि कळलं असेल तर तो भाग पडद्यावर का येत नाही? या तिन्हींचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. आत्याचा शेजारी मदतीला म्हणून आला आणि त्याने फाइलींची नावं बदलत अख्खी दुपार घालवली. अडचण होती टीव्हीवरच्या ॲपची.

टीव्ही सोडा, ब्राउझर उघडा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. लॅपटॉपवर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये जेलीफिन उघडा, ॲडमिनच्या खात्याने आत जा आणि थेट मालिकेच्या पानावर जाऊन भाग आहे का ते बघा. पहिला पडदा बघू नका.

तिथे भाग असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे. मग टीव्हीवरचं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसतं होम बटण दाबल्याने ॲप बंद होत नाही, ते मागे तसंच पडून राहतं आणि सकाळची यादी संध्याकाळी दाखवतं. तेवढ्याने भागलं नाही तर ॲपमधून लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा. ब्राउझरमध्येही भाग नसेल तर टीव्हीच्या नादी लागू नका, पुढे चला.

एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही

ॲडमिनला दिसतो आणि बाकीच्यांना नाही, तर तो प्रश्न फाइलीचा नसतो, खात्याचा असतो. डॅशबोर्डमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या सेटिंगच्या जागी, त्या वापरकर्त्याच्या पानावर जा. त्याला ती लायब्ररी (सर्व्हरला जोडलेला व्हिडिओंचा गट) बघायची मुभा आहे का ते पाहा. मग 'पॅरेंटल कंट्रोल'मध्ये डोकवा. वयोगटाचं मानांकन नसलेला किंवा न ओळखलेला मजकूर अडवा, अशी एक सोय तिथे आहे. घरात लहान मुलं म्हणून कोणीतरी ती भक्तिभावाने चालू करतं. आपल्या रेकॉर्डिंगला आणि जुन्या मराठी मालिकांना असलं मानांकन बहुतेक वेळा नसतंच, त्यामुळे परदेशी मालिका दिसतात आणि घरचा माल अदृश्य होतो. ठाण्याच्या मित्राकडे नेमकं हेच झालं होतं. नातीसाठी चालू केलेल्या खुणेमुळे आजोबांचं कीर्तन बंद!

प्रत्येक खात्याच्या स्वतःच्या होम सेटिंगमध्येही दोन गोष्टी तपासा. एखादी लायब्ररी पहिल्या पडद्यावरच्या रांगांमध्ये दाखवायची की नाही, याची खूण तिथे असते. आणि पाहिलेले भाग 'रिसेंटली ॲडेड'मधून लपवायचे, अशीही एक खूण असते. ही दुसरी चालू असताना कोणी चुकून 'पाहिलं' दाबलं की भाग रांगेतून नाहीसा होतो.

'नेक्स्ट अप'चं गणित आणखी वेगळं आहे. ती नव्या भागांची रांग नाही. तुम्ही कुठपर्यंत पाहिलंय ते बघून ती पुढचा भाग सुचवते. मालिकेतला एकही भाग पाहिलेला नसेल तर ती मालिका तिथे येणारच नाही. शिवाय किती दिवस न पाहिलेली मालिका रांगेत ठेवायची याची मर्यादा असते, मुळात ३६५ दिवसांची. वर्षभर बंद ठेवलेल्या मालिकेचा नवा भाग टाकला आणि तो 'नेक्स्ट अप'मध्ये शोधत बसलात, तर सापडणार नाही.

हाताने एकदा स्कॅन करा

ब्राउझरमध्येही भाग नसेल तर डॅशबोर्डवरचं 'स्कॅन ऑल लायब्ररीज' दाबा, म्हणजे सर्व्हर सगळे फोल्डर पुन्हा तपासेल, आणि पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठी लायब्ररी आणि छोटं यंत्र असेल तर चहा करून या.

यातून एक महत्त्वाची माहिती मिळते. हाताने स्कॅन केल्यावर भाग आला, तर नाव ठीक आहे, परवानगी ठीक आहे, फक्त सर्व्हरला बदलाची चाहूल लागत नाहीये. मग नावाचा आणि परवानगीचा भाग सोडून थेट 'चाहूल का लागत नाही' इथे या. स्कॅन करूनही आला नाही तर नावाकडे वळा. नियोजित स्कॅन मुळात दर १२ तासांनी ठेवलेला असतो, म्हणून काही जणांची तक्रार "सकाळी टाकलेला रात्री येतो" अशी असते. तेही याच गटातलं.

मालिकेच्या किंवा लायब्ररीच्या मेनूमधून 'रिफ्रेश मेटाडेटा' (मेटाडेटा म्हणजे भागाचं नाव, चित्र, तारीख वगैरे माहिती) करताना तीन पर्याय येतात. 'नव्या आणि बदललेल्या फाइली शोधा' हाच पहिला निवडा. 'सगळा मेटाडेटा बदला' हा शेवटचा पर्याय उगाच दाबू नका. हाताने भरलेली भागांची नावं त्यात पुसली जाऊ शकतात. मी एकदा रात्री साडेअकराला ते दाबलं आणि आत्याने बसून भरलेली साठ नावं घालवली. तेव्हापासून हाताने भरलेल्या प्रत्येक भागाला 'लॉक'ची खूण करतो.

आणि लायब्ररी काढून पुन्हा जोडणं हा उपाय नव्हे. पुन्हा जोडल्यावर सगळेच भाग 'आज आलेले' ठरू शकतात आणि खरोखर नवा भाग त्या गर्दीत हरवतो.

नाव: निम्म्या तक्रारी इथेच संपतात

सर्व्हर व्हिडिओ बघून मालिका ओळखत नाही. तो फोल्डरचं आणि फाइलीचं नाव वाचतो, त्यात एक ठरावीक नमुना शोधतो आणि त्यावरून ठरवतो. म्हणून नाव चुकलं की भाग एकतर येत नाही किंवा भलतीकडे जातो.

रचना अशी हवी: लायब्ररीचं मुख्य फोल्डर, त्यात मालिकेचं फोल्डर (नाव आणि कंसात वर्ष), त्यात 'सीझन ०१', आणि त्यात फाइल: मालिकेचं नाव, मग 'एस०१ई०५' (सीझन १, भाग ५). समजा मालिका 'ओसरी' आहे, तर 'ओसरी एस०१ई०५' पुरे. पुढे भागाचं नाव लिहिलंत तरी चालतं. सीझनच्या फोल्डरचं नाव 'एस०१' असं तोडकं लिहू नका, आणि त्यात मालिकेचं नाव पुन्हा घुसवू नका. विशेष भागांसाठी 'सीझन ००'.

मालिकेचं नाव मराठीत असायला हरकत नाही, मी ठेवतो. पण सीझन आणि भागाचे अंक देवनागरीत टाइप केले तर नमुना जुळत नाही. मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे एकाच फाइलीत अंक बदललेत, असं मी तीनदा पाहिलंय. नजरेला पटकन कळत नाही, कारण आपण दोन्ही तितक्याच सहज वाचतो.

रोजच्या मालिकांचं दुखणं वेगळंच. आठशे भाग, सीझन नावाचा प्रकार नाही, आणि लोक फाइलीला नुसतं 'ओसरी ८१७' असं नाव देतात. सर्व्हर याचा अर्थ सीझन ८, भाग १७ असाही लावू शकतो. भाग गायब झालेला नसतो, आठव्या सीझनमध्ये एकटा बसलेला असतो. रोजची मालिका सरळ एकाच सीझनमध्ये ठेवा आणि 'एस०१ई८१७' लिहा. तारखेवरून नाव द्यायचा मोह होतो, कारण रेकॉर्डिंगला भाग क्रमांक आपोआप मिळत नाही, तारीख मिळते. तारखेचा नमुना सर्व्हरला वाचता येतो, पण पुढचा-मागचा भाग लावताना मला क्रमांकच भरवशाचा वाटतो. एक साधी वही ठेवा: तारीख आणि क्रमांक. हसू नका, आत्याकडे आहे.

दोन भाग एकाच फाइलीत असतील तर 'एस०१ई१३-ई१४' असं लिहा. यादीत ती एकच नोंद दिसेल आणि चौदावा भाग वेगळा येणार नाही. तो हरवलेला नाही.

आता एक फसवा प्रकार, जो शोधायला मला पहिल्यांदा अख्खा रविवार लागला. फाइलीच्या नावाच्या शेवटी उभी रेघ नव्हे, साधा आडवा डॅश आणि 'इंटरव्ह्यू', 'ट्रेलर', 'क्लिप', 'शॉर्ट' असे शब्द आले, तर जेलीफिन ती फाइल भाग न मानता जोडसामग्री मानतं. मित्राकडे मुलाखतींचा कार्यक्रम होता, आणि त्याने प्रत्येक फाइलीच्या शेवटी इमानदारीत 'डॅश इंटरव्ह्यू' लिहिलं होतं. क्रमांक बरोबर, फोल्डर बरोबर, परवानगी बरोबर, आणि एकही भाग येईना. शेवटचा शब्द काढला, पाच मिनिटांत सगळे हजर. 'क्लिप्स', 'एक्स्ट्राज', 'इंटरव्ह्यूज' असं फोल्डरचं नाव ठेवलं तरी तोच परिणाम होतो. नावाची सुरुवात टिंबाने होत असेल तर ती फाइल लपलेली समजून सोडून दिली जाते. आणि फोल्डरमध्ये कोणी 'डॉट इग्नोर' नावाची रिकामी फाइल ठेवली असेल तर ते फोल्डर वगळलं जातं, ते त्यासाठीच असतं.

भाग बरोबर जागी आहे, पण त्याचं नाव आणि चित्र मात्र दुसऱ्याच मालिकेचं? मग माहिती चुकीच्या नोंदीवरून आली. जेलीफिन ही माहिती मुळात टीएमडीबी या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून घेतं, टीव्हीडीबी हा तसाच दुसरा साठा हवा तर प्लगइन टाकावं लागतं, आणि दोन्हीकडे एकाच मालिकेचे सीझन वेगवेगळे मोजलेले असू शकतात. मालिकेवर 'आयडेंटिफाय' करून योग्य नोंद निवडा. नोंदच नसेल, आणि जुन्या स्थानिक कार्यक्रमांची बहुधा नसतेच, तर हाताने नाव भरा, लॉक करा आणि विषय संपवा.

तारीख: भाग आहे, पण रांगेत तळाला

मालिकेत भाग आहे आणि 'रिसेंटली ॲडेड'मध्ये नाही, खातंही ठीक आहे, तेव्हा माझा पहिला संशय घड्याळावर असतो. ती रांग प्रत्येक भागाच्या 'डेट ॲडेड' या नोंदीवरून लागते आणि तिच्यात मोजक्याच वस्तू मावतात. तारीख जुनी पडली की भाग रांगेबाहेर.

ही तारीख कुठून येते ते डॅशबोर्डमध्ये लायब्ररीच्या 'डिस्प्ले' पानावर ठरतं. पर्याय दोन: फाइल तयार झाल्याची तारीख, किंवा सर्व्हरने ती पहिल्यांदा स्कॅन केल्याची तारीख. भागासोबतच्या माहितीच्या फाइलीत, म्हणजे एनएफओमध्ये, 'डेट ॲडेड' लिहिलेली असेल तर ती या दोन्हींच्या आधी धरली जाते. हे तिसरं कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या सर्व्हरवरून एनएफओसकट आणलेले भाग म्हणूनच जुन्या तारखेने येतात.

घरगुती वापराला मी 'स्कॅन केल्याची तारीख' ठेवतो. फाइलीची तारीख ठेवली तर नवीन डिस्क घेऊन सगळं तिच्यावर कॉपी केल्यावर फाइली नव्याने तयार झालेल्या धरल्या जातात. ही सेटिंग लावून ठेवून नवी लायब्ररी बांधली की दहा वर्षांचा साठा आजचा होतो. दोनशे जुने भाग वर येण्याची तक्रार बहुतेक अशीच. हा पर्याय बदलला तरी तो पुढे येणाऱ्या भागांना लागू होतो, आधी पडलेल्या तारखा तशाच राहतात.

पण 'स्कॅन केल्याची तारीख' म्हणजे यंत्राच्या घड्याळाची तारीख, आणि इथे आत्याचा रास्पबेरी पाय ४ येतो. त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ थांबते. पुन्हा चालू झाल्यावर तो शेवटची साठवलेली वेळ धरून बसतो आणि इंटरनेट मिळाल्यावर खरी वेळ विचारून घेतो. आत्या तीन आठवडे लेकीकडे गेली, जाताना मेन स्विच बंद करून गेली. परत आली तेव्हा इंटरनेटची मुदत संपलेली. मी दिलेल्या पेन ड्राइव्हवरून तिने आठ भाग कॉपी केले, स्कॅन झाला, आणि आठही भागांवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख पडली. सगळं व्यवस्थित, रांगेत मात्र एकही नाही. "मी काही चुकीचं केलं का रे?" "नाही गं आत्या, तुझ्या डब्याचं कॅलेंडर मागे राहिलंय."

तेव्हा 'टाइम-डेट-सीटीएल' ही आज्ञा देऊन यंत्राची तारीख आणि वेळेचा मेळ बघा. जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ वीज गेल्यावर दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते, ती बदला. उलट तारीख भविष्यातली पडली असेल तर तो भाग महिनोन्महिने रांगेच्या डोक्यावर चिकटून बसतो आणि त्यानंतरचे सगळे त्याच्या खाली लागतात.

आधीच चुकलेल्या तारखा घड्याळ दुरुस्त केल्याने सुधारत नाहीत. भागाच्या 'एडिट मेटाडेटा'मध्ये 'डेट ॲडेड' हाताने बदलता येते. आठ भाग असतील तर ते करा. आठशे असतील तर काही करू नका, आठवडाभर नवे भाग येत गेले की रांग आपोआप ताळ्यावर येते.

परवानगी: लिनक्सवाल्यांचा खड्डा

विंडोजवर हे क्वचित भेटतं. लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं, तुमच्या नावाने नाही. तुम्हाला फाइल उघडते म्हणून त्यालाही उघडेल असं नाही. त्याला फाइल वाचायची मुभा हवी, आणि मुळापासून तिथपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमधून आत शिरायची मुभाही हवी. यातलं दुसरं लोक विसरतात. डेस्कटॉपवर पेन ड्राइव्ह किंवा डिस्क खोचली की ती 'मीडिया' फोल्डरखाली तुमच्या नावाच्या कप्प्यात जोडली जाते, आणि तो कप्पा दुसऱ्यांना बंद असतो. उबुंटूच्या २१.०४ पासून नवीन होम फोल्डरही इतरांना मुळात बंदच असतं.

तपासायला सोपं आहे: 'सुडो' या, दुसऱ्याच्या नावाने काम करू देणाऱ्या आज्ञेने जेलीफिन या वापरकर्त्याच्या नावाने त्या फोल्डरची यादी वाचून बघा. "परमिशन डिनाइड" आलं की चोर सापडला. लॉगमध्येही (सर्व्हर स्वतः लिहीत जातो त्या नोंदींमध्ये) "ॲक्सेस टू द पाथ" अशी सुरुवात आणि "इज डिनाइड" असा शेवट असलेली ओळ मिळेल. मग डिस्क कायमच्या जागी जोडा, माध्यमांसाठी एक गट करा आणि जेलीफिनला त्या गटात घ्या. एक्सफॅट किंवा एनटीएफएस डिस्क असेल तर परवानग्या जोडतानाच द्याव्या लागतात, नंतर बदलून उपयोग होत नाही. आणि कोणी "सगळ्याला ७७७ देऊन टाक" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्यात अख्ख्या घराला लिहायची आणि पुसायचीही मुभा मिळते.

फक्त नवेच भाग अडत असतील, जुने चालत असतील, तर नवी फाइल कोणाच्या मालकीची आहे ते बघा. डाउनलोड करणारा किंवा रेकॉर्ड करणारा प्रोग्राम वेगळ्या नावाने चालतो आणि फाइल फक्त स्वतःसाठी उघडी ठेवतो. डॉकर, म्हणजे प्रोग्रामला वेगळ्या बंद डब्यात चालवणारी सोय, वापरत असाल तर त्या डब्याच्या आत ती जागा कोणत्या नावाने दिसते तेही बघा. बाहेरचा पत्ता आत चालत नाही.

चाहूल का लागत नाही

हाताने स्कॅन केल्यावर भाग येतो, आपोआप येत नाही, त्यांच्यासाठी हे. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये 'रिअल टाइम मॉनिटरिंग' चालू आहे ना, ते आधी बघा. चालू असूनही सर्व्हर शेवटच्या बदलानंतर मिनिटभर थांबतो, तेवढा धीर धरा.

फाइली नॅसवर आणि जेलीफिन दुसऱ्या यंत्रावर असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. लिनक्सवर बदलाची वर्दी 'आयनोटिफाय' नावाची यंत्रणा देते, आणि तिला त्याच यंत्रावरून झालेले बदल कळतात. फोनवरून किंवा लॅपटॉपवरून थेट नॅसवर टाकलेली फाइल तिच्या कानावर जात नाही. हा बिघाड नाही, ती तशीच बनलेली आहे. नियोजित स्कॅन १२ तासांऐवजी दोन-तीन तासांवर आणा, काम भागतं.

स्थानिक डिस्क असूनही चाहूल लागत नसेल तर लॉगमध्ये 'आयनोटिफाय'ची मर्यादा संपल्याची ओळ शोधा. ही मर्यादा किती फोल्डरांवर लक्ष ठेवायचं याची असते. जुन्या कर्नलांवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ती ८,१९२ असायची. कर्नल ५.११ पासून यंत्राच्या मेमरीप्रमाणे ठरते. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ती ५,२४,२८८ केली की बहुतेकांचं भागतं.

एक सवय लावून घ्या: फाइल थेट लायब्ररीत कॉपी करू नका. त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, पूर्ण झाली की लायब्ररीत हलवा. एकाच डिस्कवर हलवणं क्षणात होतं. नाहीतर अर्धवट फाइलच वाचली जाते आणि पंचेचाळीस मिनिटांचा भाग सहा मिनिटांचा दिसतो.

इथे थांबा

काही खुणा दिसल्या की मी स्कॅन, रिफ्रेश, रीस्टार्ट सगळं बंद करतो.

डिस्कमधून टकटक आवाज येतोय, कर्नलच्या लॉगमध्ये 'आय-ओ एरर' येतायत, किंवा स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींच्या) तपासणीत 'पेंडिंग सेक्टर' वाढतायत, तर भाग न दिसणं ही बारीकशी गोष्ट आहे, डिस्क मरायला टेकलीय. प्रत्येक नवा स्कॅन तिला आणखी घासतो. यंत्र बंद करा. डिस्कवर लग्नाच्या कॅसेटीवरून उतरवलेलं, वडिलांच्या आवाजातलं, असं दुसरीकडे कुठेही नसलेलं काही असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं स्वतः चालवू नका, डिस्क उघडू तर अजिबात नका. नॅसवर रेड (अनेक डिस्क मिळून केलेला एक साठा) 'डिग्रेडेड' दाखवत असेल तर कुठलीही डिस्क काढण्याआधी जाणकाराला बोलवा. चुकीची डिस्क ओढली की उरलेलंही जातं.

रास्पबेरी पायवर डिस्क मध्येच गायब होऊन परत येत असेल तर मात्र घाबरण्याआधी वीज बघा. पाय ४ च्या सगळ्या यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअर मिळतो. दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की तो अपुरा पडतो. स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब लावा.

लॉगमध्ये डेटाबेस 'मालफॉर्म्ड' असल्याची ओळ आली तर सर्व्हर बंद करा, सगळ्या डेटा फोल्डरची प्रत काढा आणि मगच जुना बॅकअप परत ठेवा. बॅकअप नसेल आणि एसक्यूलाइट म्हणजे काय ते माहीत नसेल, तर ज्याला माहीत आहे त्याच्याकडे ती प्रत द्या. मूळ फाइलीवर प्रयोग नकोत.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मला नाही, इलेक्ट्रिशियनला फोन करा. अर्थिंग तपासून होईपर्यंत प्लग काढून ठेवा. मालिका आठवडाभर थांबली तर चालतं.

कोणालाही मदत मागायला जाल तेव्हा चार गोष्टी सोबत न्या: जेलीफिनची आवृत्ती, कोणत्या यंत्रणेवर चालतंय ते, न दिसणाऱ्या एका फाइलीचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता, आणि स्कॅन केला त्या पाच मिनिटांचा लॉग. फोटो काढून पाठवू नका, मजकूर पाठवा. परवाच मला टीव्हीचा फोटो आला, त्यात लाइटचं प्रतिबिंब आणि सोफ्यावर बसलेले काका स्वच्छ दिसत होते, मालिकेचं नाव सोडून.